अठ्ठावीसच्या खालचं दूध

माझ्या धाकट्या भावाला गावात कुणी नावानं ओळखत नाही. सगळे त्याला अठ्ठावीस म्हणतात. नवीन पोस्टमन आला तेव्हा दोन महिने त्याची पत्रं अठ्ठावीस नंबरच्या घरात पडत होती. भाऊ राहतो त्रेचाळीसमध्ये. शेवटी त्या घरातला माणूस स्वतःच सगळी पत्रं घेऊन आला आणि म्हणाला, "तुमच्या बहिणीचं अक्षर फार वाईट आहे हो." ती बहीण म्हणजे मी. अक्षर वाईट आहे, मान्य. पण दुसऱ्याची पत्रं फोडून वाचणाऱ्यानं ते सांगू नये.

हे नाव त्याला त्याच्या कामानं दिलं. तो दूध संकलन केंद्रावर दूध तपासतो. एकतीस वर्षं झाली. केंद्र म्हणजे पत्र्याखालची एक खोली, पुढं सिमेंटचा कट्टा, कोपऱ्यात नळ, भिंतीवर घड्याळ, आणि सकाळी सहाला दारापासून रस्त्यापर्यंत लागणारी कॅनवाल्यांची रांग. ज्याच्या घरी एक-दोन गाई असतील तो दूध घेऊन येतो. भाऊ प्रत्येकाचं दूध ढवळतो, उंच नळकांड्यात कडेकडेनं ओततो, म्हणजे फेस येत नाही, आणि त्यात लॅक्टोमीटर सोडतो.

लॅक्टोमीटर म्हणजे काय ते आधीच सांगून टाकते, नाहीतर ऐन रंगात येताना कुणीतरी विचारतं. बंद तोंडाची काचेची नळी. खाली फुगा, त्यात शिशाचे छर्रे. वर बारीक मान, आणि मानेच्या आत आकड्यांची कागदी पट्टी चिकटवलेली. वर शून्य, खाली उतरत चाळीस. जड द्रवात नळी वर तरंगते, हलक्यात खाली जाते. दुधाची पातळी पट्टीवर जिथं टेकते तो आकडा वाचायचा. नुसत्या पाण्यात शून्य, चांगल्या दुधात अठ्ठावीस ते बत्तीस. पाणी घातलं की आकडा घसरतो. डेअरीचा नियम असा की अठ्ठावीसच्या खालचं दूध घ्यायचं नाही. संपलं. याच्यापलीकडं त्यात काही नाही. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली बाई आहे, मला विचारा.

भावाला मात्र त्यात काय काय दिसलं!

आकडा वाचताना डोळा दुधाच्या पातळीला हवा, म्हणून त्यानं एका स्टुलाचे पाय कापून घेतले. हा सहाफुटी काटकुळा माणूस त्या बुटक्या स्टुलावर गुडघे कानाला लावून बसतो, एक डोळा मिटतो आणि आपल्या श्वासानं दूध हलेल म्हणून श्वास रोखतो. त्याचं बघून रांगही रोखते. मग तो ओरडतो, "अठ्ठावीस! पुढं!" किंवा मग नुसतं म्हणतो, "पाणी." हे दुसरं तो ओरडत नाही. डॉक्टर वाईट बातमी सांगतात तसं हळू म्हणतो, आणि ते जास्त लांब ऐकू जातं.

कामावरचं काम कामावर ठेवावं की नाही? यानं माणसांनाही आकडे द्यायला सुरुवात केली. न्हावी तीस. दातांचा डॉक्टर सव्वीस, "बोलतो गोड, पण पातळ." पाच वर्षांपूर्वी त्याच्या सासऱ्यांना स्मशानात पोचवून परत येताना मला म्हणाला, "माणूस एकतीस होता, ताई." त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यांत मोठं शोकभाषण. बायकोला, म्हणजे माझ्या भावजयीला, त्यानं बत्तीस दिले होते. त्याच्यावर कुणी नाही. मला एकोणतीस.

"एकोणतीसच का रे?"

"तू चिडतेस."

"चिडल्यानं घनता कमी होते?"

"तापल्यानं होते," तो म्हणाला.

शास्त्र बरोबर होतं.

तर गेल्या वर्षी भाच्याचं पत्र आलं. भाचा घड्याळं दुरुस्त करतो आणि घड्याळासारखंच बोलतो, मोजून. 'आत्या, ये. ती सोमवारी जाणार. बाबा ऐकत नाहीत. आई गप्प आहे.' मी शुक्रवारी सकाळी पोचले.

ती म्हणजे केंद्रावरचे कॅन मोठ्या डेअरीत पोचवणारी गाडीवाली. धिप्पाड, हसरी, एका हातानं भरला कॅन उचलणारी मुलगी. तिचं मनगटी घड्याळ एका वर्षात अकरा वेळा बंद पडलं. भाच्यानं ते अकरा वेळा दुरुस्त केलं. बाराव्या वेळी तिनं सांगितलं की ती स्वतःच ते बंद पाडते. भाच्याला उलगडा व्हायला आणखी एक आठवडा लागला. इथवर सगळं छान होतं. अडचण होती ती मुलीच्या आईची.

आई शिवणकाम करते. गाव तिला शिवणबाई म्हणतं. घरामागं दोन गाई. गेली सात वर्षं ती रोज सकाळी कॅन घेऊन रांगेत उभी राहत होती आणि रोज तिचं दूध नापास होत होतं. आकडा नेहमी सत्तावीस. भाऊ हळूच म्हणायचा, "पाणी." शिवणबाई कॅन उचलायची आणि दूध आपल्या गल्लीत विकून टाकायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत. सात वर्षं! गावानं तिला मागून सत्तावीस म्हणायला सुरुवात केली होती.

आता मुलगी म्हणत होती, "माझ्या आईला चारचौघांत रोज पाणीवाली ठरवणाऱ्याच्या घरात मी पाऊल ठेवणार नाही." सोमवारपासून तिला परगावी मोठ्या टँकरवर नेमलं होतं. तोवर भावानं 'पास' म्हटलं तर लग्न. नाही तर ती जाणार, आणि भाचा आयुष्यभर दुसऱ्यांची घड्याळं चालू करत बसणार.

पोचल्यावर भावजयीनं चहा दिला. कपात बघितलं तर चहाचा रंग धुतलेल्या फळ्यासारखा.

"हे दूध आहे की धुकं?" मी म्हटलं.

"एकोणतीस," भाऊ म्हणाला. "आपल्या घरच्या गाईचं. मी स्वतः मोजलंय."

"निळं दिसतंय."

"शुद्ध वस्तू जरा निळीच दिसते. आकाश बघ."

भावजय ओट्याकडं तोंड करून उभी होती. तिची पाठ हलली. मला वाटलं खोकला असेल. दोन घोटांत कप संपवून मी मुद्द्यावर आले.

"त्या बाईला पास करून टाक."

"ताई, करून टाक म्हणजे? ते काय माझ्या हातात आहे? आकडा आहे तो."

"सात वर्षं रोज सत्तावीसच? कधी पंचवीस नाही, कधी तीस नाही?"

"नाही. पक्की सत्तावीस."

"अरे, मग तुला शंका कशी येत नाही? पाणी घालणाऱ्याचा हात एखाद्या दिवशी तरी इकडं-तिकडं होईल."

"शिवणारी बाई आहे ती," भाऊ म्हणाला. "टेपनं मोजून घालत असेल."

मी कपाळाला हात लावला. तो पुढं सरसावला. "तुला माहीत नाही. सात वर्षांपूर्वी गावात साथच आली होती पाण्याची. एका आठवड्यात निम्मी रांग नापास. दुसऱ्या आठवड्यात सगळी. आपली गायसुद्धा! मी ढिम्म हललो नाही. घरचं दूधही परत पाठवलं. आणि महिन्याभरात सगळे सुधारले. एकजात सगळे! अठ्ठावीस, एकोणतीस. एकटी ती सुधारली नाही." बोलताना त्याचे डोळे पाणावले. "ताई, मी एका गावाला वळण लावलंय."

"गाय सुधारली म्हणजे काय केलं तिनं?"

"ते हिला विचार. गोठा हिच्याकडं असतो."

भावजय म्हणाली, "वन्सं, आणखी चहा घेणार?" आणि उत्तराची वाट न बघता बाहेर गेली.

दुपारी मी शिवणबाईकडं गेले. एका खोलीत शिलाई मशीन, बटणांचे डबे, भिंतीला टांगलेले अर्धवट कोट. बाई हडकुळी, चष्मा नाकाच्या टोकावर, तोंडात चार टाचण्या. मी कोण ते सांगितल्यावर तिनं टाचण्या काढून मनगटावरच्या गादीत खोचल्या. मला वाटलं आता भांडणार. तिनं पेलाभर दूध आणून पुढं ठेवलं.

मी प्यायले. आईच्या हातचं लहानपणी प्यायले होते तसं, ओठावर साय चिकटणारं. पेला खाली ठेवून म्हटलं, "बाई, यात पाणी नाही."

"मला माहीत आहे."

"मग रोज जाऊन अपमान का करून घेता? गल्लीत तर विकलं जातंच."

"विकलं जातं कसलं, पळवलं जातं. रांगेतले अर्धे लोक लेकरांसाठी माझ्याकडनं नेतात. मागच्या दारानं." तिनं मशीनला तेल घातलं. "पण आठवडी सुट्टी सोडली तर मी एकही दिवस चुकवणार नाही. मी गेले नाही तर लोक म्हणतील, बघा, पाणी घालत होती म्हणून तोंड लपवलं. नाही म्हणायचं तर त्यांनी म्हणावं. मी ते माझ्या तोंडानं म्हणणार नाही."

"लोकांनी काय केलं सुधारायला?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की माझी पदवी तिथल्या तिथं परत घ्यावी. "ते मला नका विचारू. मी चहाड्या करत नाही. एक जण मला शिकवायला आला होता. म्हटलं, जे गाईनं दिलं ते मी घेऊन येणार, जास्त नाही, कमी नाही. बेतलेल्या कापडातनं तुकडा काढून ठेवणारे शिंपी वेगळे."

हा इशारा होता, आणि माझ्यासारख्या शिकल्या-सवरल्या बाईच्या डोक्यावरून गेला. मी विचार करत होते त्या नळीचा.

शनिवारी केंद्राला सुट्टी. भावाकडून कुलपाची किल्ली घेतली आणि दोघं तिथं गेलो. "तुझा लॅक्टोमीटर दाखव."

त्यानं खिडकीतला पेला आणला. पेल्यात कापूस, कापसात ती नळी उभी. त्याच्या आधीच्या तपासनिसानं निवृत्त होताना स्वतःच्या हातानं दिलेली. खिडकीत सकाळपासून ऊन येत होतं.

"डेअरी नवीन देत नाही का?"

"देते ना. सात वर्षं झाली, दर वर्षी एक." त्यानं कपाट उघडलं. आत सात खोकी ओळीनं. प्रत्येकावर त्याच्या सुंदर अक्षरात चिठ्ठी: 'बिघडलेला. सत्तावीसला तीस म्हणतो.'

मी सातही चिठ्ठ्या वाचल्या. सातही सारख्या. "अरे, सातही बिघडलेले?"

"सगळे. आल्याबरोबर मी सत्तावीसच्या दुधात घालून बघतो. माझा म्हणतो सत्तावीस, नवा म्हणतो तीस. मग कुणावर विश्वास ठेवायचा? याला एकतीस वर्षं झाली, नव्याला दोन दिवस."

"आणि सातही तीसच म्हणतात, हे तुला खटकत नाही?"

"एकाच कारखान्याचे आहेत ते," तो म्हणाला. "एकाच साच्यातले."

नाचता येईना अंगण वाकडं, हे मी पुष्कळ ऐकलं होतं. सात अंगणं कपाटात कुलूपबंद केलेला माणूस पहिल्यांदा बघितला. त्याच कपाटात मोठ्या डेअरीची पत्रंही होती. दर सहा महिन्यांनी एक: 'आपल्या केंद्राच्या दुधात स्निग्धांश फार कमी येत आहे.' खाली भावाच्या उत्तराची नक्कल: 'संबंधितांना समज दिली आहे.'

"संबंधित म्हणजे कोण रे?"

"गाई."

मी पत्रं परत कपाटात ठेवली. मग म्हटलं, "हा तुझा लॅक्टोमीटर कधी पाण्यात घालून बघितलास?"

भावाचा चेहरा असा झाला, जणू मी त्याला चारचौघांत कपडे काढायला सांगितलं. "पाण्यात? ताई! हा पाणी पकडण्यासाठी आहे!"

"धुतोस कशानं?"

"धुणं वेगळं. पाण्याचं मत विचारणं वेगळं."

"उद्या विचारू," मी म्हटलं.

रविवारी सकाळी सहाला रांग लागली. पुढं जाड्या, त्याच्या मागं शाळेतले मास्तर, मग बाकीचे. जाड्या म्हणजे बेकरीवाला. सात वर्षांपूर्वी तो काडीसारखा होता म्हणे. शिवणबाई नेहमीप्रमाणे मध्ये कुठंतरी. गाडीवाली गाडीला टेकून, किल्ली बोटावर फिरवत. भाचा तिच्यापासून बरोबर चार हातांवर, डोळ्याचं भिंग गळ्यात अडकवून. भावजय नवऱ्याचा डबा घेऊन आली होती, आणि मला बघून तिचा पाय दारातच घुटमळला.

मी बादलीत पाणी घेतलं, शेजारून आणलेला बर्फ त्यात टाकला, आणि थर्मामीटर धरून बसले. नळीवर ज्या तापमानाला वाचा असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं, तिथं पाणी आल्यावर बर्फ काढला. "बस स्टुलावर," भावाला म्हटलं. "आधी ते सात."

पहिला लॅक्टोमीटर नळकांड्यात सोडला. भावानं डोळा मिटला, श्वास रोखला. "शून्य," तो म्हणाला.

दुसरा. "शून्य." सातवा झाला तेव्हा रांग त्याच्याबरोबर मोजत होती. सात वेळा शून्य.

"पाण्याला पाणी म्हणतायत की," जाड्या म्हणाला. "बिघडलेले असून."

"आता तुझा," मी म्हटलं.

भावानं आपली नळी कापसातून काढली, पुसली, हळूच सोडली. ती खाली गेली, वर आली, डोलली, थांबली. भाऊ वाकला. त्याच्या नळीतलं शून्य पाण्याखाली बुडालं होतं. पाण्याची पातळी पट्टीच्याही वर, नुसत्या काचेवर टेकली होती.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

भावानं मान वर केली. आणि नेहमीच्या त्या हळू, दुःखी आवाजात म्हणाला, "पाणी."

"पाणी तर आहेच."

"तसं नाही, ताई. यात पाणी घातलंय."

मास्तर म्हणाले, "पाण्यात पाणी?"

"तीन रेघा तरी," भाऊ म्हणाला. त्यानं नळाकडं असं बघितलं जसं सात वर्षं शिवणबाईकडं बघत आला होता. "नळवाल्यांचा भरवसा नाही."

मला हसावं की त्याच्या पाठीत धपाटा घालावा कळेना. एवढ्यात भाचा पुढं आला. चार हातांचं अंतर ओलांडायला त्याला तेवढंच निमित्त हवं असावं. त्यानं भिंग डोळ्याला लावलं, नळी उचलून उजेडात धरली.

"बाबा, पट्टी घसरलीय."

"कसली पट्टी?"

"आतली. हा बघा डिंकाचा पिवळा डाग. कागद आधी इथं होता. आता तीन रेघा खाली आलाय. खिडकीतल्या उन्हानं डिंक वाळला असणार." एवढी सलग वाक्यं तो जन्मात बोलला नव्हता. "तुमची नळी सगळ्यांना तीन कमी देते."

मी शिवणबाईला हात केला. तिनं कॅन पुढं ठेवला. दूध ढवळलं, ओतलं, नवा लॅक्टोमीटर सोडला. भाऊ वाकला. त्याच्या मानेची शीर हलताना मला दिसत होती.

"तीस," तो म्हणाला.

"आकडा नको," शिवणबाई म्हणाली. "सात वर्षं जे म्हणालात, त्याच्या उलट म्हणा."

"पास."

"ऐकू नाही आलं. 'पाणी' तर कोपऱ्यावरच्या दुकानात ऐकू जायचं."

भाऊ स्टुलावर उभा राहिला. डोकं पत्र्याला आपटलं. "पास!" तो ओरडला, आणि पत्र्याचा आवाज झाल्यामुळं ते दोनदा म्हटल्यासारखं वाटलं.

भाच्यानं गाडीवालीकडं बघितलं. ती हसली. किल्ली फिरायची थांबली. इथं हे सगळं संपायला हरकत नव्हती. पण शिवणबाई सात वर्षांची थकबाकी अशी सोडणारी बाई नव्हती. "नुसतं मोजू नका," ती म्हणाली. "पिऊन सांगा."

दूध तापवल्यावर फाटतं का हे बघायला केंद्रात एक छोटी शेगडी असते. त्यावर तिनं पातेलीभर दूध उकळलं, पेल्यात ओतलं, फुंकलं, आणि भावाच्या हातात दिलं. भावानं एक घोट घेतला. थांबला. दुसरा घेतला. जीभ टाळूवर फिरवली. त्याचं कपाळ आक्रसलं, आणि मला कळलं की आता काहीतरी भयंकर होणार.

"यात," तो म्हणाला, "काहीतरी घातलंय."

रांगेनं एकदम श्वास सोडला. शिवणबाईचा हात शेगडीवरच थांबला. गाडीवाली गाडीत चढली आणि तिनं दार आपटलं.

"बाबा!" भाचा ओरडला.

"मी खोटं बोलणार नाही!" भाऊ म्हणाला. "नळी चुकली असेल, माझी जीभ चुकलेली नाही. रोज दूध पितो मी. हे जाड आहे. गोड आहे. चिकटतंय. दूध असं नसतं!"

गाडी सुरू झाली. भाचा धावत जाऊन तिच्यापुढं उभा राहिला. आणि त्याच वेळी भावजयीनं डब्याची पिशवी कट्ट्यावर अशी आदळली की सातही लॅक्टोमीटर किणकिणले.

"अहो, त्यात घातलेलं नाहीये काही," ती म्हणाली. "त्यातलं काढलेलं नाहीये."

"काय काढलेलं नाहीये?"

"साय!"

मग तिनं सगळं सांगितलं, न थांबता, सात वर्षं कोंडलेलं माणूस सांगतं तसं. सात वर्षांपूर्वी घरची गाय नापास झाली. भाऊ घरचं दूध घरातसुद्धा घेईना. एक दिवस चुकून साय काढलेलं दूध पुढं आलं, आणि ते पास! साय हलकी असते. ती काढली की उरलेलं दूध जड होतं, आणि नळी वर येते. हे मला, रसायनशास्त्राच्या पदवीधराला, दोन दिवसांपूर्वीच सुचायला हवं होतं. तिनं शेजारणीला सांगितलं. शेजारणीनं बहिणीला. महिन्याभरात गाव सुधारलं.

"म्हणजे सगळे?" भाऊ म्हणाला. "जाड्या?"

जाड्या आपल्या पोटाकडं बघत होता. "बेकरी कशी काढली वाटलं तुम्हाला?" तो पुटपुटला. "लोणी घरचं."

"मास्तर, तुम्ही?"

"अठ्ठावीसच्या खाली घेत नव्हतात ना तुम्ही," मास्तर म्हणाले. "चांगलं दूध आणलं की पाणीवाला ठरायचो. दोनदा आणून बघितलं मी. शेवटी म्हटलं, इमानदार दिसायचं तर एवढं करावंच लागणार."

"आणि मला सात वर्षं एकानंही सांगितलं नाही?"

सांगणार कोण? ज्याच्या त्याच्या घरी लोण्याचा डबा.

भाऊ खाली बसला. स्टूल बुटकं असल्यामुळं तो फार खाली गेला. हातात पेला तसाच होता. रांगेवरून त्याची नजर फिरत गेली आणि शिवणबाईवर थांबली. त्यानं पेला तोंडाला लावला आणि सबंध प्यायला. मिशीवर पांढरी रेघ उमटली. ती पुसली नाही.

"गावात खरं दूध एकटीनंच आणलं," तो म्हणाला, "आणि मी एकटीलाच परत पाठवलं." मग गुडघ्यांवर हात टेकून उठला, गाडीपाशी गेला आणि खिडकीच्या काचेवर टकटक केली. "पोरी, पास. पिऊन सांगतोय."

गाडीवालीनं काच खाली केली. "बाजूला व्हा, काका," ती म्हणाली. "कॅन भरायचेत. आज आईचाही आहे."

सोमवारी ती परगावी गेली ती ठरल्याप्रमाणे. टँकर कोण सोडतंय! भाच्यानं दुकान तिकडं हलवलं. महिन्यानं नोंदणी कार्यालयात लग्न झालं. भावाची पँट शिवणबाईनं शिवली. कंबर मोजली तर अठ्ठावीस. तिनं हळूच म्हणून दाखवलं, आणि ते बरंच लांब ऐकू गेलं. चांगल्या दुधानं भावाचं पोट पहिले तीन दिवस बिघडलं होतं, नंतर जमलं. ती कंबर आता बत्तीस झालीय.

सुधारला म्हणाल तर नाही. लग्नाच्या दिवशी कार्यालयाच्या बाकावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, मी हिशेब लावला. गेल्या सात वर्षांत ज्यांना ज्यांना आकडे दिले, त्यांना तीन वाढवून द्यायला हवेत. तू बत्तीस."

"उपकार झाले."

"दातांचा डॉक्टर एकोणतीस. पास आहे बिचारा. सासरे चौतीस." इथं तो थांबला. "चौतीस म्हणजे जरा साय काढलेलेच म्हणायचे."

"आणि बायको?"

त्यानं बोटांवर मोजलं. बत्तीस आणि तीन. पुन्हा मोजलं. समोर भावजय नव्या सुनेच्या कॉलरवरचा धागा तोडत होती. गुबगुबीत, तुकतुकीत, गालांवर सात वर्षांचं लोणी. भाऊ तिच्याकडं बघत राहिला.

"पस्तीस," तो म्हणाला. "अगं, म्हणजे तू सगळीच साय काढून मला..."

"एवढा वेळ लागला मोजायला?" भावजय मागं न बघताच म्हणाली. "चला, सही करायला बोलावतायत."